दगडी समजून शेकलेली गाठ

बानाने मला गाठ दाखवली तेव्हा तिला चौथा महिना चालू होता. आंघोळ करून ओले केस पुसत ती आतल्या खोलीत आली आणि म्हणाली, "आत्याबाई, बगा बरं, इथं हरभऱ्याएवढं काय लागतंय?"

मी हात लावून पाहिला. उजव्या छातीत, काखेच्या अंगाला, कातडीखाली काहीतरी टणक होतं. दाबलं तर सरकत नव्हतं.

"दुखतं का?"

"नाय."

"मग दगडी असेल," मी म्हणाले. "दूध उतरायला लागलं की होतं असं. शेकू आपण."

"दगडी तर मेंढीला व्हती. मी काय मेंढी हाय व्हय?"

"मेंढी बरी. ती एवढं बोलत नाही."

ती हसली, मीही हसले. बाना माझी सून. माझा मुलगा त्रिंबक वाळूजच्या एका कंपनीत कामाला होता आणि आम्ही तिघं बजाजनगरात दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. दोन हजार एक साल होतं. लग्नाला सहा वर्षं होऊन बानाला पहिल्यांदाच दिवस गेले होते. त्या सहा वर्षांत तिने किती बायकांच्या ओट्या भरल्या आणि किती ठिकाणी तिला मुद्दाम बोलावलं नाही, ते मी पाहिलं होतं. तिला एकच हवं होतं, स्वतःचं मूल, आणि त्या मुलाने तिला माय म्हणावं. शेजारणी म्हणायच्या, मुलगा होईल. ती म्हणायची, "काय बी होऊ द्या, मला वळखलं म्हंजी झालं."

जनावराच्या कासेत दूध साकळून ती दगडासारखी होते, तिला आमच्याकडे दगडी म्हणतात. आम्ही धनगर. माझे वडील सोनाजी लासूर स्टेशनच्या आसपासच्या वस्त्यांवर मेंढरांचे जाणकार म्हणून ओळखले जायचे. मेंढी आडली, कास धरली, पाय मोडला की लोक त्यांना न्यायला यायचे. मी त्यांच्या मागे मागे फिरायची. पण मी सात वर्षांची असताना पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि वर्षा-दोन वर्षांत तिथे मराठी शाळा निघाली. मास्तर वस्त्या फिरून पोरं गोळा करत होते. वडील म्हणाले, मेंढरामागं दोन पोरं आहेत, ही न्या. अशी मी शाळेत गेले. पुढे स्वतः शिक्षिका झाले आणि अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. मेंढरं हातून सुटली ती सुटलीच, पण सोनाजीची लेक असल्याची ऐट सुटली नाही. शाळेतल्या बायका गाई-म्हशींचंसुद्धा मला विचारायच्या. थोडं वडिलांकडून कानावर पडलेलं, थोडं पुस्तकातलं, आणि दोन्ही मिळून मला पुरतं कळतं असं मी समजत आले होते.

एमआयडीसीच्या मोकळ्या प्लॉटांवर एरंड माजलेला असायचा. मी रोज सकाळी पाणी भरून झालं की दोन पानं तोडून आणायची, तव्यावर गरम करायची, हळद लावून बानाच्या छातीवर बांधायची. तिला म्हणायची, बाळ पिलं की गाठ आपोआप सुटेल. महिन्याच्या महिन्याला आम्ही तपासणीला जात होतो. तिथे पोट पाहायचे, वजन घ्यायचे, सुई द्यायचे. छातीचं कोणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. दगडीचं काय सांगायचं, असं मलाच वाटलं.

हरभऱ्याची सुपारी झाली. सहाव्या महिन्यात मला वाटलं, थोडी मऊ पडली आहे. आज कळतं, गाठ मऊ पडली नव्हती, वरची कातडी पानांनी भाजून सोलत होती.

सातवा लागला आणि ओटीभरणाचा दिवस ठरला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बानाची आई चतुराबाई तिला न्यायला आली. तिचा नवरा पुंजाराम अजून दोनशे मेंढरं राखून होता आणि चतुराबाईचं सगळं आयुष्य त्या मेंढरांमागे गेलेलं. अंगठ्याशिवाय तिची दुसरी सही नव्हती. येताना शहागंजच्या बाजारात उतरून तिने लेकीला हिरव्या बांगड्या आणि खणाची चोळी आणली होती. आतल्या खोलीत ती बानाला चोळी घालत होती. उजवीकडून गाठ मारता येईना.

"एवढी कशी गं एका अंगानं सुजली?"

"दगडी हाय. आत्याबाई शेकत्यात रोज."

मी दारातच होते, हातात ओटीचं ताट. चतुराबाईने लेकीच्या छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ईनबाई, दगडीची कास तापती. हात लावला की मेंढी लाथ मारती, पिलाला जवळ येऊ देत नाय. ही तर गार हाय. दाबलं तरी पोर हुं का चूं करंना."

दुखतं का, हे मीच पहिल्या दिवशी विचारलं होतं. दुखत नाही म्हटल्यावर दगडी नव्हे, हे वडिलांना हात लावताच कळलं असतं. मी ती गोष्ट उलटी लावली होती.

बाहेरच्या खोलीत बायका जमल्या होत्या. ओटी भरली, बाना नाव घ्यायला लाजली, सगळं रीतीप्रमाणे झालं. चतुराबाईने लेकीला गावी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं घाटीच्या सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, चाळिशीच्या, आवाज बसलेला. त्यांनी बानाला तपासलं, काखेत बोटं घालून पाहिलं, मग विचारलं, "गाठ कधीपासून आहे?"

बाना पटकन म्हणाली, "पंधरा दिस झालं."

चतुराबाईने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पिशवीकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर पंधरा दिवस लिहिलं.

सुईने गाठीतला तुकडा काढून तपासायला दिला. आठ दिवसांनी बोलावलं तेव्हा त्यांनी त्रिंबकला आणि मला समोर बसवलं, बाना आणि तिची आई बाजूच्या बाकावर. कॅन्सर हा शब्द त्यांनी एकदाच उच्चारला. त्रिंबकने विचारलं, "बाळाच्या अंगात गेला असेल का?" त्या म्हणाल्या, "नाही. हा आजार आईकडून पोटातल्या बाळाकडे सहसा जात नाही. ऑपरेशन आत्ताही करता येतं, या महिन्यांत काही औषधंही देता येतात. बाळाला पोटात वाढू देऊन आईचा इलाज करतात, तसं आम्ही केलेलं आहे." मग त्यांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं. "पण पंधरा दिवसांत एवढी वाढली असेल, तर ही गाठ फार वेगाची आहे. अशा गाठीला आम्ही थांबू शकत नाही. बाळ आत्ताच बाहेर काढून आईला पूर्ण जोराची औषधं सुरू करावी लागतील. सातव्या महिन्याचं बाळ आहे. जगेलच असं मी सांगणार नाही."

बाना बाकावरून म्हणाली, "नाय. बाळ नाय काढायचं."

"तुमच्या जिवाचा प्रश्न आहे, बाई."

"असू द्या."

त्रिंबक तिला समजावू लागला. मूल परत होईल, तू आधी वाच, असं काहीतरी. बाना खाली मान घालून नाही नाही म्हणत होती आणि पोटावर दोन्ही हात आवळून धरत होती. तिने पंधरा दिवस का सांगितलं ते मला ठाऊक होतं. मला वाचवायला सांगितलं होतं. आता त्या पंधरा दिवसांवरून तिचं बाळ काढायला निघाले होते, आणि तरीही ती बोलत नव्हती.

मी म्हणाले, "पंधरा दिवस नाही. तीन महिने झाले."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

"चौथ्या महिन्यात हरभऱ्याएवढी होती. तिने मला दाखवली. मी दगडी समजून शेकत होते. रोज."

त्यांनी मला किती मोठी होती, कधी सुपारीएवढी झाली, कातडी कधी ओढली गेली, सगळं विचारलं. मी शाळेत हजेरी सांगावी तसं सांगत गेले. त्यांनी कागदावरचं पंधरा दिवस खोडून वर तीन महिने लिहिलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तेव्हा आणलं असतं तर..." मग म्हणाल्या, "ठीक आहे. म्हणजे वेग वाटला तेवढा नाही. बाळ काढायचं थोडं थांबता येईल."

बाहेर आल्यावर त्रिंबक माझ्यासमोर उभा राहिला. लहानपणापासून तो मोठ्याने बोलणारा नाही. म्हणाला, "माय, तू तर मास्तरीण होतीस ना." तेवढंच. परतीच्या रिक्षात तो ड्रायव्हरजवळ बसला. त्यानंतर कितीतरी महिने तो माझ्याशी बानाच्या तोंडून बोलायचा. "माय जेवली का विचार." "मायला सांग, उद्या सेकंड शिफ्ट आहे." मी समोर बसलेली असायची.

त्या दिवशी घरी आल्यावर बाना मात्र माझ्यावरच चिडली. "काहून सांगितलं? तुमी बाई मास्तर. लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय करायचंय."

"आता माझ्या मायला तोंड भेटलं. जल्मभर म्हणंल, तुझ्या सासूनं..." आणि ती रडायला लागली. मी तिच्याजवळ गेले नाही. तो हक्क आपल्याकडे उरलेला नाही असं वाटलं.

ऑपरेशन झालं. उजवी छाती पूर्ण काढली आणि काखेतल्या गाठीही काढल्या. पोटातलं बाळ हललं का, हे तिने शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं. नर्सने पोटाला यंत्र लावून तिला ठोके ऐकवले, तेव्हा ती परत झोपली. पुढे तीन आठवड्यांनी औषधाची पहिली बाटली लावली. लाल रंगाचं औषध होतं. लघवीही लाल झाली. बाना घाबरली नाही, म्हणाली, "रंगपंचमी हाय माझी." केस पहिल्या बाटलीतच गेले. उशीवर झुबकेच्या झुबके. तिने स्वतःच मला डोकं भादरायला सांगितलं. "तुमाला येतंच की. मेंढरं भादरणाऱ्याची लेक तुमी." मी कात्री हातात घेतली. ती म्हणाली, "हळू, कान कापचाल. तेवढंच दोन राहिलेत सारखे."

अशी ती बोलायची. तिच्या बोलण्याने घर चालत होतं. त्रिंबक आणि मी दोघं मुके.

आठवा सरता सरता कळा सुरू करून बाळंत केली. मुलगी झाली, एकोणीसशे ग्रॅमची. अकरा दिवस काचेच्या पेटीत होती. हातपाय काड्यांसारखे, पण डोक्यावर जावळ भरपूर. बाना म्हणाली, "माझं सगळं हिनं घेतलं." मंजुळा नाव ठेवलं.

पोरीला अंगावर पाजायचं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं. अजून पाच बाटल्या लावायच्या होत्या, आणि औषध दुधात उतरतं. दूध येऊ नये म्हणून गोळ्या दिल्या. तरी तिसऱ्या दिवशी डावी छाती भरून आली. इतकी, की बानाला हात खाली घेता येईना. पोर तिकडे पाजण्यापुरती पेटीतून काढून आणलेली, पावडरचं दूध वाटी-चमच्याने पाजत होतो तर ओठांतून बाहेर ओतत होती आणि रडत होती. तिचा आवाज आला की बानाच्या पोलक्यावर दूध पाझरायचं.

दुपारची वेळ होती. वॉर्डात सगळ्या बायका जेवून पडल्या होत्या. चतुराबाई धुणं वाळत घालायला गेली होती. बानाने माझा पदर धरला.

"आत्याबाई, एकडाव."

"नाही."

"बाटली लावून महिना झाला. आता काय असंल त्या दुधात? एकडाव पाजू द्या. कुणाला कळनार नाय."

"बाना, नाही."

"तुमचंच म्हणणं व्हतं ना, बाळ पिलं की गाठ सुटंल? आता काहून नाय म्हणता?"

एवढ्या दिवसांत तिने मला लावलेला हा पहिला बोल. एखाद्या घोटाने कदाचित काही झालंही नसतं, मला काय ठाऊक. पण माझ्या अंदाजावर त्या घरात पुन्हा काही होऊ द्यायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. मी जुन्या लुगड्याचा पट्टा फाडला, तिची छाती बांधली, घट्ट. ती दात आवळून बसली. दूध आटवताना ते जराही काढायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि मी डॉक्टरीणबाईंनाही विचारून घेतलं होतं. बांधल्यापासून चौथ्या दिवशी छाती मऊ पडली.

मग बाटल्यांचे महिने गेले. दर तीन आठवड्यांनी बजाजनगर ते घाटी. बाटली लावली की आठ-दहा दिवस बाना उठत नसे. तोंडात फोड, पाणीसुद्धा गिळवत नसे. पोरीला सर्दी-खोकला असला की तिला बानापासून लांब ठेवायचं, असं सांगितलेलं. बाटल्या झाल्यावर मशीनखाली किरणांचे शेक दिले, त्याने कातडी काळी पडली. चतुराबाई महिना-दीड महिना राहून गेली, मेंढरं सोडून ती तरी किती दिवस राहणार. पोर माझ्याकडेच. माझ्या मांडीवर दूध प्यायची, माझ्या कुशीत झोपायची. साठीतल्या माझ्या कमरेला ते झेपत नव्हतं, पण मी कुरकुर केली नाही. थकायला मिळतंय हेच बरं वाटायचं. थकलं की विचार येत नाहीत.

आणि मंजुळा बाळसं धरू लागली. हसायला लागली, पालथी पडायला लागली, बसायला लागली. सगळं माझ्यासमोर. बाना खाटेवरून बघायची.

पोर नऊ महिन्यांची झाली तेव्हा इलाज संपला होता. बानाच्या डोक्यावर बोटभर केस आले होते. उजव्या हाताला मात्र सूज राहिली, काखेतल्या गाठी काढल्यामुळे. त्या हाताने तिला पोर उचलता यायची नाही. डाव्या हाताने कशीबशी घ्यायची. आणि मंजुळा तिच्याकडे गेली की अंग ताठ करायची, मान वळवून मला शोधायची, दोन्ही हात माझ्याकडे टाकून रडायची. मी घेतलं की गप्प. मी कामाला उठले, नळावर गेले, तरी रडायची. बाना खुळखुळा वाजवायची, बोलायची, शेवटी म्हणायची, "घ्या बाई तुमची लेक." ती हसून म्हणायची, पण दिवसातून दहादा म्हणायची.

एकदा मी न्हाणीतून बाहेर आले तर बाना पोरीला कुशीत दाबून धरत होती आणि पोर तिच्या तोंडावर चापट्या मारत मोठ्याने रडत होती. बानाने सोडलं नाही. मी सवयीने हात पुढे केले.

"नका घेऊ," बाना म्हणाली.

मी हात मागे घेतले.

"आत्याबाई, एक मागू का? राग यील तुमाला."

"बोल."

"तुमी गावाकडं जावा. थोडं दिस. कारभारीमामाकडं." कारभारी माझा धाकटा भाऊ, लासूर स्टेशनलाच राहतो. "तुमी हाईत तवर ही माझ्याकडं यायची नाय. मला किती दिस हाईत कुणाला ठावं. डॉक्टरीण बाई पाच वर्सं म्हणत्यात, मग दुसरंच कायतरी म्हणत्यात. मला हिनं वळखायला पायजे. मी मेल्यावर हिनं फोटू बघून, ही कोण, असं नाय विचारायचं."

"तुझा हात..."

"हाताचं मी बगंन. शेजारची आशाबाई हाय. हे हाईत."

त्रिंबक खाटेवर बसून बूट घालत होता. त्याने नाडी बांधायची थांबवली. वर्षभरात पहिल्यांदा माझ्याकडे बघून तो थेट बोलला. "माय, मी सोडतो तुला स्टेशनवर."

मी पिशवी भरली. दोन लुगडी, चष्मा, औषधाच्या गोळ्या. मंजुळाच्या वस्तू कुठे ठेवल्या आहेत ते बानाला सांगू लागले, तर ती म्हणाली, "सापडंल मला." दारातून निघाले तेव्हा पोरीने जो सूर लावला तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. दोन वेळा पाय थांबले. त्रिंबकने पिशवी माझ्या हातातून घेतली आणि पुढे चालत राहिला, म्हणून मीही चालले.

गावी कारभारीने विचारलं, भांडून आलीस का. मी म्हटलं, नाही. भावजयीने दोन दिवसांनी परत विचारलं. मला झोप लागायची नाही. हातांना सवय होती, मांडीवर उशी घेऊन बसायची. चतुराबाईची वस्ती जवळच होती, ती एकदा येऊन गेली. आम्ही चहा प्यायलो. जाताना म्हणाली, "मंजुळा दोन दिस जेवली नाय म्हणं. आता खातीया." एवढं सांगायलाच ती तीन मैल चालत आली होती. माझ्या चुकीचा विषय तिने कधी काढला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

बाना त्यानंतर साडेतीन वर्षं होती. दुखणं हाडांत उतरलं तेव्हा मंजुळा बालवाडीत जात होती. आईचं पाणी, आईच्या गोळ्या, आईची उशी, सगळं त्या पोरीला ठाऊक असायचं. शेवटच्या दिवसांत मी काही द्यायला गेले तर मला बाजूला करायची. आज ती नोकरी करते. दर वर्षी स्वतःहून छाती तपासून घेते. आईचं तिला पुष्कळ आठवतं, मला माहीत नसलेलंसुद्धा.

पण मी सांगत होते ते गावाहून परत आले त्या दिवसाचं. सव्वा महिन्याने त्रिंबक मला न्यायला आला. बजाजनगरात पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. बाना उंबऱ्यात बसली होती, पोर तिच्या डाव्या मांडीवर. बानाचा सुजलेला हात उशीवर होता आणि मंजुळा त्या हाताच्या बोटांशी खेळत होती. मी समोर उभी राहिले. पोरीने मान वर करून मला निरखून पाहिलं. मग तिने तोंड फिरवलं आणि बानाच्या खांद्यात घातलं.

बानाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि ते लपवायचा ती प्रयत्न करत होती.

"वाईट नका वाटून घेऊ, आत्याबाई. दोन दिसांत वळखंल तुमाला."

"वळखू दे सावकाश," मी म्हणाले. "घाई नाही." आणि पोरीला हात न लावता, तिच्या बाजूने आत जाऊन मी चहाचं आधण ठेवलं.